कोणी कोणाशी बोलायचं?

मंडळी, हल्ली कुठल्याही दुकानात, दवाखान्यात किंवा पतसंस्थेत गेलात तर भिंतीवर उंच जागी एक पेटी दिसते. आत हिरवे दिवे लुकलुकत असतात आणि निळ्या-करड्या तारांचा जुडगा तिच्यात शिरलेला असतो. तिला स्विच म्हणतात. खटका दाबला की दिवा लागतो तो स्विच नव्हे. हा संगणकांना एकमेकांशी जोडणारा स्विच. बिलाचा संगणक, हिशेबाचा संगणक, प्रिंटर, कॅमेरे, वायफायचं यंत्र, सगळ्यांच्या तारा इथे येऊन मिळतात. ही पेटी बंद पडली, की दुकान उघडं असूनही बंदच.

या स्विचच्या दोन जाती आहेत. एक साधा. तारा खोचल्या की चालू. त्याला काही सांगता येत नाही आणि तो काही विचारत नाही. दुसरा मॅनेज्ड स्विच, म्हणजे आपले हुकूम ऐकणारा. तो महाग असतो. गंमत अशी, की पुष्कळ ठिकाणी हा महागडा स्विच आणतात, तारा खोचतात आणि निघून जातात. मग तो साध्यासारखाच वागतो. ज्यासाठी जादा पैसे मोजले ते कामच त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. पण हा विषय मला परका वाटत नाही. कारण यात मूळ प्रश्न एकच आहे : कोणी कोणाशी बोलायचं आणि कोणाचं कोणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही? तो प्रश्न तारांचा नाही, माणसांचा आहे. म्हणूनच त्याचं उत्तर तंत्रज्ञाने नव्हे, धंद्याच्या मालकाने द्यायचं असतं.

आधी थोडा इतिहास पाहू. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ नावाच्या तरुण संशोधकाने एक टिपण लिहिलं आणि संगणक जोडण्याच्या आपल्या पद्धतीला ‘इथरनेट’ असं नाव दिलं. ईथर म्हणजे एकेकाळच्या शास्त्रज्ञांच्या कल्पनेतलं, प्रकाशाला वाहून नेणारं, सगळीकडे भरून राहिलेलं द्रव्य. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांच्या प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही आणि पुढे विज्ञानाने ती कल्पना सोडून दिली. पण नाव मात्र तारेत जिवंत राहिलं. आज कचेरीत जी तार आपण संगणकाला लावतो, ती इथरनेटचीच.

सुरुवातीला सगळे संगणक एकाच तारेवर असत. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जाई. दोघे एकदम बोलले तर दोघांचं बोलणं वाया जाई. मग दोघेही क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करत. मुशायऱ्यात जुन्या रिवाजाप्रमाणे शमा ज्याच्यापुढे येईल त्याने वाचायचं, तशी शिस्त इथे नव्हती. पुढे ‘हब’ नावाची पेटी आली, पण तीही तशीच. एका तारेतून आलेलं ती सगळ्या तारांमध्ये ओरडून सांगे.

स्विच तिच्यापेक्षा शहाणा निघाला. प्रत्येक यंत्राच्या जोडणीला कारखान्यातून एक क्रमांक मिळालेला असतो, बारा अक्षर-आकड्यांचा. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. स्विच पोस्टमनसारखा शिकत जातो : हा क्रमांक तिसऱ्या दारातून बोलला, म्हणजे तो तिसऱ्या दारात राहतो. या दारांना ‘पोर्ट’ म्हणतात. एकदा माहीत झालं, की त्याचं टपाल तो फक्त त्याच दारात टाकतो. पत्ता माहीत नसेल, किंवा टपालावर ‘सर्वांसाठी’ असं लिहिलेलं असेल, तरच ते सगळ्या दारांत जातं.

इथपर्यंत साधा स्विचही येतो. अडचण पुढे आहे. साध्या स्विचवरची सगळी यंत्रं एकाच दिवाणखान्यात बसलेली असतात. कोणीही कोणाच्याही दारावर टकटक करू शकतो.

हे समजायला एक खरं उदाहरण सांगतो. सोलापुरात माझ्या भाच्याचा चादरी-टॉवेलचा व्यवसाय आहे. खाली दुकान, मागे गोदाम, वर कचेरी. बिलाचे दोन संगणक, हिशेबाचे तीन, आठ कॅमेरे आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठी फुकट वायफाय. भाचा मला म्हणाला, “मामू, आलेल्या गिऱ्हाइकाला चहा देतो तसा वायफायचा पासवर्डही देतो.” मी विचारलं, “चहा पिणारा माणूस तुझ्या तिजोरीच्या खोलीत जाऊन बसतो का रे?” तो हसला. पण तारांच्या दुनियेत नेमकं तेच होत होतं. पाहुण्याचा मोबाइल, गोदामातला कॅमेरा आणि हिशेबाचा संगणक एकाच खोलीत होते.

यावरचा उपाय म्हणजे व्हीलॅन. नाव अवघड, गोष्ट सोपी. एकाच पेटीत न दिसणाऱ्या भिंती घालायच्या. एक ते सहा क्रमांकाची दारं हिशेबाच्या खोलीची, पुढची चार बिलाची, पुढची आठ कॅमेऱ्यांची. पेटी एकच, पण एका खोलीतलं ‘सर्वांसाठी’ असलेलं टपालही दुसऱ्या खोलीत जात नाही. प्रत्येक खोलीला क्रमांक असतो. १९९८ साली ठरलेल्या मानकानुसार त्या क्रमांकासाठी बारा बिटांची जागा आहे, त्यामुळे जास्तीत जास्त ४०९४ खोल्या करता येतात. भाच्याला पाच पुरल्या : १० हिशेबाला, २० बिलाला, ३० कॅमेऱ्यांना, ४० पाहुण्यांना आणि ९९ स्विचच्या स्वतःच्या कारभाराला. पाहुण्यांची वेगळी खोली करायची तर वायफायचं यंत्रही व्हीलॅन जाणणारं हवं. म्हणजे एकाच यंत्रातून घरच्यांचं आणि पाहुण्यांचं अशी दोन वेगळी नावं देता येतात.

दारंही दोन प्रकारची असतात. ज्या दारात एकच संगणक लागतो ते एकाच खोलीचं. पण गोदामात दुसरा स्विच असेल, तर दोन स्विचमधली तार सगळ्या खोल्यांचं टपाल वाहते. तिला ट्रंक म्हणतात. त्या तारेवर प्रत्येक टपालाला खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून पाठवतात आणि पलीकडे ती काढून घेतात. दोन्ही टोकांना चिठ्ठ्यांची रीत सारखी हवी. एका टोकाला तीस नंबरची खोली आहे आणि दुसऱ्या टोकाला ती सांगितलेलीच नाही, असं झालं तर गोदामातले कॅमेरे मुके होतात आणि लोक उगाच कॅमेरा बदलत बसतात. दोष तारेत नसतो, सांगण्यात असतो.

भिंती घातल्या म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका. काही वेळा एका खोलीतून दुसरीत जावंच लागतं. बिलाच्या संगणकाला हिशेबाच्या सर्व्हरकडे विक्री पोचवायची असते. त्यासाठी भिंतीत एक दार ठेवतात. तिथे राउटर किंवा फायरवॉल असते आणि कोण जाऊ शकतो हे तिला सांगावं लागतं. सांगितलं नाही तर पुष्कळ यंत्रं खोल्यांमधली सगळी दारं सताड उघडी ठेवतात. मग कागदावर पाच खोल्या आणि प्रत्यक्षात एकच दिवाणखाना. म्हणून काम झाल्यावर तपासायचंच : पाहुण्यांच्या वायफायवर मोबाइल जोडा आणि हिशेबाचा संगणक गाठता येतो का ते पाहा. गाठता आला, तर भिंत कागदाचीच आहे.

हे एवढं मनावर का घ्यायचं? २०१३च्या अखेरीस अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले ते वातानुकूलन यंत्रणेचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या पासवर्डाने. कंत्राटदाराला जिथे काम होतं तिथून ते गल्ल्यापर्यंत पोचले. अमेरिकी सिनेटच्या समितीसाठी मार्च २०१४मध्ये तयार झालेल्या अहवालाने यावरच बोट ठेवलं : नाजूक भाग बाकीच्या जाळ्यापासून नीट वेगळा केलेला दिसत नाही. आपलं दुकान टार्गेटएवढं नसेल. पण ज्याची उधारीची वही, कामगारांच्या पगाराचा तपशील आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर एकाच संगणकात आहेत, त्याचं सगळंच त्या एका खोलीत आहे.

दुसरी गोष्ट कुलपाची. नव्या स्विचला कारखान्यातून जो पासवर्ड लावून येतो तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, म्हणजे जगाला ठाऊक असतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे लाखो कॅमेरे आणि तत्सम यंत्रं ताब्यात घेतली. त्याची युक्ती काय होती? कारखान्यातले नेहमीचे पासवर्ड एकामागून एक लावून पाहणं, इतकीच. त्या ऑक्टोबरमध्ये या यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या संकेतस्थळांची वाट काही तास अडवून धरली. तेव्हा पहिलं काम पासवर्ड बदलणं. दुसरं, स्विचशी बोलण्याची जुनी टेलनेट पद्धत बंद करणं. तिच्यात पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जातो. एसएसएच ही पद्धत बंद पाकिटाची. तिसरं, स्विचच्या कारभाराची खोली वेगळी ठेवणं, म्हणजे पाहुण्याला त्याच्या कुलपापर्यंत पोचताच येणार नाही. आणि जी दारं रिकामी आहेत ती बंद करून टाकणं. घराच्या मागच्या दाराला आपण कडी लावतोच ना?

आता तारांच्या एका विचित्र आजाराविषयी. समजा, झाडलोट करताना कुणाला एक सुटी तार लोंबकळताना दिसली. भला माणूस, त्याने तिचं मोकळं टोक जवळच्या रिकाम्या दारात खोचलं. तारेचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. झालं! आता ‘सर्वांसाठी’ असलेलं टपाल एका दारातून बाहेर पडतं, दुसऱ्यातून आत येतं, पुन्हा बाहेर पडतं. इथरनेटच्या टपालावर ‘इतक्या फेऱ्यांनंतर फाडून टाका’ असा शिक्का नसतो. ते फिरतच राहतं, वाढत जातं आणि काही क्षणांत सगळी कचेरी ठप्प होते. सगळे दिवे मात्र जोरजोरात लुकलुकत असतात.

यावरचा तोडगा रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी शोधला. त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करत होत्या. १९८५ साली त्यांनी ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत मांडली. स्विच आपसांत निरोप पाठवून एक झाड ठरवतात. एकाला मूळ मानतात, बाकीच्या फांद्या. झाडाच्या फांद्या कधी वळून खोडाला मिळत नाहीत, तसं इथेही कुठे वेटोळं राहत नाही. जादा तार असेल ती झोपवून ठेवतात. चालू तार तुटली तर तिला जागं करतात. मला यात सर्वात आवडतं ते हे, की बाईंनी आपल्या शोधनिबंधाच्या सुरुवातीला रूक्ष सारांशाऐवजी त्या पद्धतीवर एक छोटी कविता दिली. तेव्हा कवितेचा आणि स्विचचा संबंध मी ओढूनताणून आणलेला नाही.

पण इथेही मालकाने काही सांगावं लागतं. मूळ कोण, हे स्विच मतदानाने ठरवतात. सगळ्यांना कारखान्यातून सारखाच मान दिलेला असतो, बहुधा ३२७६८ हा आकडा. आकडा कमी त्याचा मान मोठा. सगळे सारखेच निघाले, तर ज्याचा मॅक ॲड्रेस सर्वात लहान तो मूळ होतो. लहान क्रमांक पुष्कळदा जुन्या यंत्राचा असतो. म्हणजे गोदामाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला सर्वात म्हातारा, मंद स्विच घराचा कारभारी होऊन बसतो! म्हणून वरच्या कचेरीतल्या चांगल्या स्विचला ४०९६ असा लहान आकडा देऊन ठेवायचा. शिवाय ज्या दारांत फक्त संगणक लागायचे, तिथे दुसरा स्विच लागला तर ते दार आपोआप बंद व्हावं, अशीही सोय सांगून ठेवता येते.

या झाडाला मर्यादा आहेत. नोव्हेंबर २००२मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमधल्या बेथ इस्राएल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचं जाळं कोसळलं. वर्षानुवर्षं एकाला एक स्विच जोडत नेलेले. झाड एवढं लांबलं, की स्पॅनिंग ट्रीचं गणित बिघडलं. डॉक्टर-परिचारिकांना काही दिवस पुन्हा कागदावर औषधं लिहावी लागली, तपासण्यांचे अहवाल हातोहात न्यावे लागले. रुग्णालयाने ही गोष्ट लपवली नाही. इतरांना धडा मिळावा म्हणून उघडपणे सांगितली. धडा साधा आहे. एका स्विचला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशी आगगाडी जोडू नका. मधल्या मुख्य स्विचपासून प्रत्येकाला सरळ तार न्या. तांब्याची तार १०० मीटरपर्यंतच भरवशाची. गोदाम त्याहून लांब असेल तर फायबर टाका.

विजेचाही हिशेब करावा लागतो. कॅमेरा किंवा वायफायचं यंत्र वेगळ्या विजेशिवाय, त्याच तारेतून चालवता येतं. २००३च्या मानकाप्रमाणे स्विच एका दारातून १५.४ वॉटपर्यंत वीज देतो, २००९च्या मानकाप्रमाणे ३० वॉटपर्यंत. पण सगळ्या दारांची मिळून एक बेरीज ठरलेली असते. समजा चोवीस दारांचा स्विच आहे आणि एकूण वीज १९० वॉट. चोवीसही दारांना १५.४ वॉट द्यायचे तर जवळजवळ ३७० लागतील. ते कुठून येणार? रात्री कॅमेऱ्यांचे अंधारातले दिवे लागले की वीज जास्त ओढली जाते आणि नेमका रात्रीच एखादा कॅमेरा बंद पडतो. चोराला हे ठाऊक नसतं, हे आपलं नशीब. विजेची बेरीज खरेदीच्या आधी करायची असते.

आणखी एक उपद्रव. कुणीतरी घरचं जुनं वायफाय यंत्र कचेरीत आणून उलटसुलट जोडतं. ते यंत्र सगळ्यांना खोटे पत्ते वाटू लागतं आणि निम्म्या संगणकांचं इंटरनेट जातं. पत्ते वाटण्याचा अधिकार फक्त या एका दाराला, बाकीच्यांना नाही, असं मॅनेज्ड स्विचला सांगता येतं. या सोयीचं नाव डीएचसीपी स्नूपिंग. दोन-चार ओळींचा हुकूम आहे, पण लोक तो द्यायचा विसरतात.

आता सगळ्यात साधी आणि सगळ्यात महाग पडणारी बाब. पुष्कळ स्विचमध्ये आपण सांगितलेलं आधी फक्त चालू स्मरणात राहतं. सिस्कोच्या स्विचमध्ये त्याला रनिंग-कॉन्फिग म्हणतात. वीज गेली की ते पुसलं जातं. कायमचं ठेवायचं तर ते स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये उतरवावं लागतं. सगळं छान चालतं, तंत्रज्ञ पैसे घेऊन जातो, महिन्याने वीज जाते आणि सगळ्या भिंती नाहीशा होतात. म्हणून काम संपल्यावर, तंत्रज्ञ समोर असतानाच, स्विच एकदा बंद करून पुन्हा सुरू करायला सांगा. जे परत आलं तेच खरं.

याच गुणाचा एक फायदाही आहे. दूर बसून जोखमीचा बदल करायचा असेल, तर जाणते तंत्रज्ञ आधी ‘दहा मिनिटांनी पुन्हा सुरू हो’ असा हुकूम देतात आणि मग बदल करतात, पण तो कायम करत नाहीत. बदलामुळे दार आपल्याच तोंडावर बंद झालं, तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या स्थितीत परत येतो. सगळं नीट झालं, तर तो हुकूम रद्द करायचा आणि बदल कायम करायचा.

स्विचच्या घड्याळाकडेही लक्ष हवं. वीज गेल्यावर बऱ्याच स्विचचं घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेवर जातं. मग रात्री दोनला कोणतं दार उघडलं, या नोंदीला अर्थ उरत नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत कंपन्यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळं अधिकृत वेळेशी जुळवावीत, नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि सायबर हल्ल्यासारख्या घटनांची माहिती सहा तासांत कळवावी, असं सांगितलं आहे. घड्याळच चुकीचं असेल तर नोंदी जपून उपयोग काय?

शेवटचा मुद्दा मालकीचा. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा स्विच एका तंत्रज्ञाने फार सुंदर लावून दिला होता. पासवर्ड मात्र त्या तंत्रज्ञाच्या डोक्यात. तो दुसऱ्या राज्यात नोकरीला गेला, त्याचा फोन लागेना. दिवाळीच्या तोंडावर एक पोर्ट बदलायचं होतं. शेवटी स्विच पुसून पहिल्यापासून लावावा लागला आणि भर हंगामात दिवसभर बिलं हाताने फाडावी लागली. यंत्र त्याचं होतं, पैसे त्याचे होते, किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात होती.

भाच्याकडे आम्ही काम सुरू केलं ते स्विचपासून नव्हे, एका कोऱ्या कागदापासून. डावीकडे यंत्रांची नावं आणि वरच्या बाजूला पुन्हा तीच. कोण कोणाशी बोलेल तिथे खूण, बाकी रिकामं. हा कागद तंत्रज्ञाने नाही, भाच्याने भरला. कारण बिल कुठे जातं आणि पगार कोण पाहतो हे त्यालाच माहीत. तंत्रज्ञ पोराने त्याचं स्विचच्या भाषेत रूपांतर केलं. दोन दिवस लागले. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची पट्टी लावली. पूर्ण मांडणीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, एक छापून काढली आणि पासवर्ड बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवला. “मामू, दुकानाच्या कागदपत्रांबरोबर आता हेही,” भाचा म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

तेव्हा मंडळी, तुमच्या भिंतीवर अशी पेटी असेल तर उद्या आपल्या तंत्रज्ञाला चार प्रश्न विचारा. पासवर्ड बदलला आहे का, आणि तो माझ्याकडे आहे का? पाहुण्यांचं वायफाय हिशेबापासून वेगळं आहे का? मांडणीची प्रत कुठे आहे? आणि आत्ता वीज गेली तर सगळं जसंच्या तसं परत येईल का? चारही उत्तरं ‘हो’ आली, तर त्याला चहा पाजा. एकही ‘नाही’ आलं, तरी चहा पाजा. पण कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याशेजारी बसा.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)